शस्त्रकर्मोत्तर मूत्रस्राव : हा धातुपात नव्हे

कर्करोगामुळे संपूर्ण पौरुषग्रंथी (प्रोस्टेट) काढलेल्या काही रुग्णांना समागमात, विशेषतः कामपूर्तीच्या क्षणी, मूत्रस्राव होतो. लज्जेपोटी ते ‘धातू जातो’ एवढेच सांगतात व वाजीकरण योग मागतात. वस्तुतः या शस्त्रकर्मात शुक्राशयेही काढली जात असल्याने वीर्यस्खलन होत नाही; बाहेर पडते ते मूत्र. मूत्राशयमुखाचा संकोचक बाधित होऊन मूत्रधारणेचा भार बाह्य संकोचकावर येतो. शुक्र व मूत्र दोन्ही अपानाधीन असल्याने आपल्या दृष्टीने ही अपानवैगुण्याची अवस्था होय.

आम्ही रुग्णास पुढील उपाय सुचवितो : समागमापूर्वी दोन तास द्रवपान, विशेषतः चहा-कॉफी, मर्यादित ठेवावे, लगेच आधी मूत्रविसर्जन करावे, निरोध वापरावा. मूत्र रोखताना आवळले जाणारे स्नायू, श्वास न कोंडता, दिवसातून ३ वेळा प्रत्येकी १० वेळा आवळून सैल सोडावेत. सायंकाळी गोक्षुर, पुनर्नवा आदी मूत्रल द्रव्ये टाळावीत. मूत्रसंसर्ग नसल्यास पत्नीस यापासून अपाय नाही, हे दोघांसमक्ष सांगावे. निम्मा संकोच तेथेच सरतो.

दाह, रक्तमूत्रता वा मूत्रावरोध असल्यास रुग्णास शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही धातुपौष्टिक चूर्ण देण्यापूर्वी ‘शस्त्रकर्म झाले आहे काय?’ एवढे अवश्य विचारावे.