निरोप एक, प्रथिन दुसरं

'मेंदूत अमुक जनुक जास्त सक्रिय' अशी बातमी आली की माझे बीएस्सीचे विद्यार्थी लगेच विचारतात, "मॅडम, म्हणजे त्याचं प्रथिनही जास्त असणार ना?" मी त्यांना थांबवते. बहुतेक वेळा तिथे मोजलेला असतो एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप. निरोप आणि प्रथिन यांचं प्रमाण सरळ जुळत नाही.

2011 साली बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या पेशींत (मेंदूच्या नव्हेत) दोन्ही मोजले. एमआरएनएचं अर्धायुष्य साधारण 9 तास, प्रथिनांचं 46; म्हणजे निरोप विरला तरी प्रथिन टिकून राहू शकतं.

चेतापेशीत अंतराचीही भर पडते. काही एमआरएनए केंद्रकापासून दूरच्या शाखांपर्यंत नेले जातात. 1982 मध्ये ऑस्वाल्ड स्टुअर्ड आणि विल्यम लेव्ही यांना या शाखांवरच्या काट्यांसारख्या उंचवट्यांच्या बुडाशी रायबोसोम, म्हणजे निरोप वाचून प्रथिन बनवणारी यंत्रं, दिसले. प्रथिन तिथल्या तिथे बनू शकतं! एफएमआरपी नावाचं प्रथिन अशा अनेक निरोपांचं वाचन रोखून धरतं. तेच नसलं तर फ्रॅजाइल एक्स हा बौद्धिक वाढीवर परिणाम करणारा आनुवंशिक विकार होतो. नुसते निरोप मोजून हा बिघाड पुरता कळणार नाही.

म्हणून मेंदूच्या जनुकांविषयी वाचताना आधी एवढं बघा: आरएनए मोजला होता, की प्रथिन?