ओबामांच्या यादीआधीची सहा वर्षं



प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, व्हायरल कसं व्हायचं?" उद्योगाला दोन महिने झालेले नसतात, मालाचे दोनच नमुने तयार असतात, पण प्रश्न हाच. आज याचं उत्तर एका गायकाच्या प्रवासात शोधू.

प्रतीक कुहाड. मूळचा जयपूरचा, न्यूयॉर्क विद्यापीठात गणित आणि अर्थशास्त्र शिकलेला. स्वतःच गाणी लिहितो, चाल लावतो आणि गिटार घेऊन गातो. या प्रकाराला इंडी पॉप म्हणतात. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. आपल्या भाषेत सांगायचं तर मोठी कंपनी पाठीशी नसताना स्वतःच्या हिमतीवर चालवलेलं दुकान.

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस बराक ओबामांनी त्या वर्षातल्या आपल्या आवडत्या गाण्यांची यादी जाहीर केली. बियॉन्से, ब्रूस स्प्रिंगस्टीन अशा नावांच्या शेजारी प्रतीकचं 'कोल्ड/मेस' होतं. गाणं त्यांच्यापर्यंत पोचलं कसं, हे आपल्यालाही माहीत नाही, असं त्यानेच तेव्हा लिहिलं होतं. म्हणजे हा काही ठरवून केलेला मार्केटिंगचा डाव नव्हता. आणि ठरवून तो करताही येत नाही, बरं का.

मग त्याच्या हातात काय होतं? तारखा बघा. २०१३ मध्ये 'रात राज़ी' हा हिंदी ईपी आला. (ईपी म्हणजे छोटा अल्बम, चार-सहा गाण्यांचा.) २०१५ मध्ये 'इन टोकन्स अँड चार्म्स' हा इंग्रजी गाण्यांचा पूर्ण अल्बम. २०१६ मध्ये 'बार बार देखो' या सिनेमात एक गाणं मिळालं, पण सिनेमात काम मिळालं म्हणून स्वतःचं दुकान बंद केलं नाही. २०१८ मध्ये सहा गाण्यांचा 'कोल्ड/मेस' ईपी आला. स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये, तेव्हा याचा माल तयार होता.

आता यादी वाचून आलेल्या श्रोत्याचा विचार करा. त्याने एक गाणं ऐकलं, आवडलं. पुढे काय? गायकाच्या नावावर बोट ठेवलं की मागची सगळी गाणी समोर. इंग्रजी आवडतं त्याला इंग्रजी, हिंदी हवं त्याला हिंदी. एका गाण्यासाठी आलेला माणूस तासभर रमला. नवा गायक सापडण्याची खरी मजा तीच असते, "अरे, याचं अजून पण आहे की!"

हेच आपल्याकडे लावून बघू. समजा, कोल्हापुरातली एक ताई घरगुती कांदा-लसूण मसाला करते. एखाद्या फूड ब्लॉगरने रील टाकली आणि दोन दिवसांत ३०० जणांनी चौकशी केली. ताईंकडे २० किलो मसाला, पाकिटावर वजन नाही, कुरिअरचा दर माहीत नाही, दुसरं उत्पादन नाही. ३०० माणसं येऊन परत गेली. ती पुन्हा येतील का? मला तरी वाटत नाही. अशा अवस्थेत त्या रीलसाठी स्वतःच्या खिशातून पैसे मोजले असतील तर नुकसान दुप्पट.

प्रतीकचं पुढे काय झालं? जुलै २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, 'कसूर'चा व्हिडिओ आला. त्यात लोक आपापल्या घरात कॅमेऱ्यासमोर बसलेले दिसतात, त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव दिसतात, बस्स. सेट नाही, परदेशातलं लोकेशन नाही. जे हाताशी होतं त्यात काम केलं. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेतल्या इलेक्ट्रा रेकॉर्ड्सने त्याला करारबद्ध केलं आणि २०२२ मध्ये 'द वे दॅट लव्हर्स डू' हा नवा अल्बम आला. मला विचाराल तर २०१५ चाच जास्त आवडतो. नव्यात सफाई आहे, जुन्यात घरचा वास आहे. असो.

आता एक काम करा. तुमच्या धंद्याबद्दल काहीही माहीत नसलेल्या एखाद्या नातेवाइकाला फोन द्या आणि फक्त तुमच्या ब्रँडचं नाव सांगा. त्याला पाच मिनिटांत काय काय सापडतं, ते शेजारी बसून बघा. मध्ये बोलू नका. दर, वजन, पत्ता, दुसरं काय मिळतं, पैसे कसे द्यायचे... जिथे तो अडखळेल ती जागा वहीत लिहा. जाहिरातीच्या बजेटचं पुढच्या व्हिडिओत बघू, तोवर वही भरून ठेवा.