टिपेश्वरची सहल आणि पंचाहत्तर वर्षांचा पुरावा

१९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह सहलीला निघाले होते. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी मंडळींनी प्रवासाची धूळ धुवावी म्हणून हौदावर हातपाय धुतले आणि गहजब झाला. अखेर आत पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, हत्यारबंद शिपाई सोबत देऊन, त्यांना किल्ला पाहू देण्यात आला. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे.

गेल्या हिवाळ्यात वसतिगृहातील मुलामुलींना घेऊन मी टिपेश्वर अभयारण्याच्या एक दिवसाच्या सहलीला गेलो, तेव्हा ही हकीकत त्यांना गाडीत सांगितली. यवतमाळहून पहाटे निघालो, पांढरकवड्याला चहा घेतला आणि उजाडता उजाडता सुन्ना गेटवर पोचलो. ओळखपत्रे दाखवली, शुल्क भरले, जिप्सीत बसलो. जात कोणी विचारली नाही. एवढ्या अंतरासाठी किती पिढ्या झिजल्या, हे मुलांना कळले पाहिजे.

१९९७ साली जाहीर झालेले हे अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे आहे. टेकड्यांवर साग, उतारावर मोह आणि पळस, खाली नाले. चितळांचा कळप, दोन रोही, मोहाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे आणि धुळीत वाघाचे ताजे ठसे असे बरेच पाहिले. वाघ मात्र दिसला नाही. आमचा गाईड कोलाम समाजाचा तरुण. वानर ओरडले की वाघ कोणत्या बाजूने चालला आहे, हे तो न पाहता सांगत होता. हे ज्ञान त्याला कुठल्या प्रशिक्षणाने दिलेले नव्हते.

एका मोकळ्या जागी एका मुलीने विचारले, "दादा, इथे आधी कोण राहत होतं?" गाईड म्हणाला, "अभयारण्यात टिपेश्वर नावाचं गावच होतं. उठवलं. आमचं पोड थ्या नाल्याच्या पल्याड हाये, जंगलाच्या बाहेर." गावाचे पुनर्वसन झाले, नाव अभयारण्याला राहिले. माझ्या मते सहल तिथून खरी सुरू झाली.

वाघ वाचला पाहिजे, यात वाद नाही. पण वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाही. २०१९ साली इथला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि हजारावर किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याआधी याच पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ ऊर्फ अवनी या वाघिणीशी तेरा माणसांचे मृत्यू जोडले गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. वाघिणीसाठी शहरांत मेणबत्त्या पेटल्या. मेलेल्या गुराख्यांची आणि शेतकऱ्यांची नावे किती जणांना आठवतात?

परतीच्या वाटेवर जिप्सीच्या चालकाने गाडी सावलीत थांबवली आणि मला बाजूला घेतले. तो आपल्याच समाजाचा. "सर, तुम्ही वकील हाये म्हनून विचारतो," म्हणत त्याने कैफियत मांडली. जंगलकाठी त्यांची तीन एकर वहिती. शेजारचे शेत गाईडच्या काकांचे. दोघांनीही वनहक्काचे दावे टाकले. काकांना पट्टा मिळाला, याच्या वडिलांचा दावा अमान्य. कारण एका ओळीचे: तीन पिढ्यांचा पुरावा नाही. तेही तोंडी कळलेले, लेखी पत्र हाती नाही.

हा भेद कायद्यातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या कुटुंबाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरे. 'इतर पारंपरिक वननिवासी' असलेल्यांना मात्र त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनातला रहिवास आणि वनावरची उपजीविका सिद्ध करावी लागते. हिशेब १९३० पर्यंत मागे जातो. ज्या १९३० साली नाशिकला काळाराम मंदिरासमोर आपले लोक सत्याग्रहाला उभे होते, त्या साली जंगलकाठच्या आपल्या आजोबाच्या नावाने कोणता पटवारी कागद करून ठेवणार होता? वाघाला वहिवाटीचा पुरावा कोणी मागत नाही. माणसाला मागतात, आणि ज्याला कागदापासून दूर ठेवले त्यालाच मागतात.

आदिवासी बांधवांना मिळालेला हक्क न्याय्यच आहे, त्याबद्दल आकस नको. तक्रार आहे ती कायदा अर्धवट वाचणाऱ्यांबद्दल. ७५ वर्षे रहिवासाची आहेत, त्याच तुकड्यावरच्या ताब्याची नव्हेत. नियमांनुसार कागदच हवा असेही नाही. दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा ठरतो. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे दावा फेटाळल्याची कारणे दावेदाराला प्रत्यक्ष कळवावी लागतात. उपविभागीय समितीने फेटाळल्यास साठ दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते. फेटाळलेल्या दाव्याकडे दुर्लक्ष परवडणारे नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे दावेदार हटवण्याचा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली म्हणून लाखो कुटुंबे वाचली.

हे बोलणे गाईड ऐकत होता. म्हणाला, "आमचा आजा सांगंन ना सर. याचा आजा अन् आजाचा बाप संगंच मोह वेचत." दुपारी आम्ही पोडावर गेलो. भाकरी-पिठलं खाल्लं. म्हातारबाबांनी बोटांवर पिढ्या मोजल्या, वसतिगृहातल्या मुलीने जबाब लिहून घेतला, म्हाताऱ्याने अंगठा उठवला. केळापूरच्या जगदंबेचे देऊळ वाटेत होते, ते राहून गेले. मुलांपैकी कोणी कुरकुरले नाही.

बंधू-भगिनींनो, सहली काढा. डोंगर, जंगल, वाघ आपल्याही मुलांनी पाहावेत. तो त्यांचा हक्क आहे. पण जाताना कायद्याची एक प्रत आणि कोरे कागद सोबत ठेवा. १९३० चे साक्षीदार आज हयात नाहीत, त्यांच्याकडून ऐकलेले आजे-आज्या आहेत. त्या गेल्या की पुरावाही गेला. चालकाच्या वडिलांसाठी लेखी कारणे मागणारा अर्ज आम्ही दुसऱ्याच दिवशी दाखल केला आहे. तुमच्या गावच्या जंगलकाठी असे किती दावे पडून आहेत, ते या रविवारी विहारात विचारा.

जयभीम!