खर्ज आणि धरलेले सूर

फ्रांस्वा कूपरँची ‘ले बारिकाद मिस्तेरियूज’ ही हार्पसिकॉर्डची रचना, १७१७ च्या दुसऱ्या संग्रहातली. तिच्यात दोन्ही हात खालच्या सुरांतच गुंतलेले असतात. ओळी एकमेकींच्या मागेपुढे सरकतात. एक हलते तेव्हा बाकीच्यांचे सूर धरलेलेच राहतात. एकत्र वाजायचे सूर तोडून एकामागून एक मांडण्याची ही रीत फ्रेंच हार्पसिकॉर्डवादकांनी आधीच्या शतकातल्या ल्यूटवादकांकडून घेतली. त्यामुळे ही रचना ल्यूटवर उतरवताना आपण तिच्यावर जबरदस्ती करतो आहोत, असं मला वाटत नाही.

बरोक ल्यूटला तारांच्या १३ जोड्या. त्यातल्या वरच्या दोन एकेरी. वरच्या सहा डी मायनरच्या सुरांत लावतात. खर्जाच्या सात सहसा मोकळ्याच छेडायच्या. या रचनेचं बी फ्लॅट मेजर इथे छान बसतं: एफ आणि डी मोकळ्या तारांवर मिळतात, खर्जातल्या बी आणि ई अर्ध्या सुरानं उतरवल्या की झालं. पण मध्येच खर्जात शुद्ध ई लागला, तर तो तिथे नसतो. एकटाच सूर सप्तकभर वर घेतला की ओळ मोडते. मी ओळीचा अख्खा तुकडाच वर नेते. कागदावर हा बदल मोठा दिसतो, कानाला मात्र ओळ सलग लागते.

खरा कस लागतो तो धरून ठेवायच्या सुरांत. हार्पसिकॉर्डवर बोट पट्टीवर असेतो तार घुमते. उचललं की कापड टेकतं आणि सूर थांबतो. ल्यूटवर पडद्यावर दाबलेला सूर बोट उचलताच जातो, आणि एका जोडीवर दोन सूर एकदम राहू शकत नाहीत. म्हणून कोणता सूर कोणत्या जोडीवर घ्यायचा, हे त्याच्या पुढचे सूर पाहूनच ठरतं. मोकळा खर्ज उलट थांबतच नाही. नवा छेडला की जुना अंगठ्यानं दाबावा लागतो, नाहीतर सगळं गढूळ होतं. शिवाय खर्जाच्या जोडीतली दुसरी तार सप्तकानं वर लावलेली असते, ती मधल्या ओळीत डोकावते. मधल्या ओळीत नेमका तोच सूर असेल तर मी तो बिनदिक्कत गाळते. तो ऐकू येतच असतो.

ल्यूटच्या टॅब्लेचर या लिपीतलं अक्षर पडदा सांगतं, वरची खूण लय सांगते. बोट कधी उचलायचं, हे दोन्हींतून कळत नाही. ते दाखवायला मी अक्षरांपासून तिरक्या रेघा ओढते. या रचनेत त्या जवळजवळ प्रत्येक मात्रेला लागतात.