बाळाच्या मांडीतली पहिली सुई

“अगं बाई, जन्मून तास नाही झाला, अन् लेकराला सुई कशाला?” लेक बाळंतपणाला माहेरी आली की आजीबाईंचा हा प्रश्न ठरलेलाच!

मैत्रिणींनो, ती सुई ‘के’ जीवनसत्त्वाची. रक्त गोठवणारे काही घटक आपले यकृत याच्याच मदतीने तयार करते. बाळाला ते पोटात असताना फार थोडे मिळते, आईच्या दुधातही कमीच असते. मग एखाद्या बाळाच्या बेंबीतून, शौचातून, क्वचित मेंदूतही रक्तस्राव होतो. तो पहिल्या आठवड्यात होतो, कधी दोन-तीन महिन्यांनीही.

डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांना कोंबडीच्या पिल्लांवरील प्रयोगात हे जीवनसत्त्व गवसले. १९४३ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले.

“मी रोज मेथी-पालक खाते की!” म्हणाल. जरूर खा, पण त्याने बाळाची गरज भागत नाही. चीकदूधही पाजायचेच, सुई मात्र वेगळी.

आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बायकांनाच माता-बालकांची काळजी घ्यायला शिकवले. त्या शिकल्या, मग आपण का नाही?

बाळंतपण घरी किंवा वाटेत झाले, तर ही सुई हमखास राहून जाते. त्याच दिवशी बाळाला दवाखान्यात न्या. एरवीही “के ची सुई दिली ना?” असे नर्सबाईंना विचाराच. बेंबीतून रक्त आले, अंगावर निळे डाग दिसले, बाळ सुस्त पडले, तर हळद-राख लावत बसू नका. तडक डॉक्टर गाठा!