जुनी रायफल कीं नवी?

शिकार हा आपल्या देशांत आतां इतिहासाचा विषय झाला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती बंद केली, आणि तें योग्यच झालें, असें आमचें मत आहे. तथापि ज्या घराण्यांत पूर्वीं संस्थानची नोकरी अथवा जंगलखात्यांतील हुद्दा होता, तेथें आजोबांची एखादी रायफल परवान्यासह अद्यापि कपाटांत असते. २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवानेदारास तीनांऐवजीं दोनच बंदुका बाळगतां येतात, आणि वारसाहक्कानें आलेली बंदूकहि त्या दोहोंतच मोजली जाते. तेव्हां कोणती ठेवावी आणि कोणती जमा करावी, असा प्रश्न कित्येक घरांत पडला. वडील मंडळी म्हणतात, पूर्वींची कारागिरी आतां कोठें? तरुण मंडळी म्हणतात, नव्या रायफलीचा नेम अधिक अचूक. दोन्ही पक्ष अर्धें खरें बोलतात. म्हणूनच या वादांत थोडें खोल शिरावें, असें आम्हांस वाटलें.

येथें विचार करावयाचा तो बोल्टच्या रायफलींचा. दाराचा अडसर सारावा त्याप्रमाणें बोल्ट पुढें सारून फिरविला, कीं काडतूस नळींत बसतें आणि मागील तोंड बंद होतें. उलट फिरवून मागें ओढला, कीं रिकामें टरफल बाहेर पडतें. या कुळाचा मूळपुरुष म्हणजे जर्मनींतील ओबर्नडॉर्फचा पॉल मौझर. त्याच्या १८९८ च्या रचनेंत एक लांब पोलादी आंकडा आहे. काडतूस मॅगझिनमधून वर येतांयेतांच त्याची कड या आंकड्याखालीं सरकते, आणि बार होऊन टरफल बाहेर फेकलें जाईपर्यंत आंकडा तिला सोडीत नाहीं. बोल्टला पुढें दोन भक्कम कान, मागें तिसरा राखीव. काडतूस फुटलेंच तर तप्त वायु नेमबाजाच्या डोळ्यांत न जातां बाजूस निघून जावा म्हणून छिद्रेंहि ठेविलेलीं. इतकी काळजी घेणाऱ्या मौझरचा स्वतःचा एक डोळा १९०१ मध्यें एका स्वयंचलित बंदुकीची परीक्षा घेतांना गेला, हा दैवदुर्विलासच. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्यें मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांस सर जॉन ह्यूएट यांनीं जी ‘.२७५’ रायफल भेट दिली, ती लंडनच्या रिग्बी कंपनीची खरी. पण तिचें अंतरंग मौझरचेंच.

जुन्याच्या अभिमान्यांचा मुख्य आधार म्हणजे अमेरिकेंतील विंचेस्टर कंपनीची ‘मॉडेल ७०’. १९३६ मध्यें ती निघाली तेव्हां तिच्यांत मौझरच्याच धर्तीचा आंकडा होता, आणि दस्त्यावरील जाळीदार नक्षी कोरून काढलेली असे. पुढें मजुरी वाढली, यंत्रें झिजलीं, आणि १९६४ मध्यें कंपनीनें खर्च कमी करण्यासाठीं रचनाच बदलली. लांब आंकडा जाऊन बोल्टच्या तोंडाशीं एक चिमुकला आंकडा आला. नक्षी कोरण्याऐवजीं ठशानें दाबूं लागले. गिऱ्हाइकें इतकीं रागावलीं कीं, ‘चौसष्टपूर्वींची’ अशी रायफलींची एक जातच ठरली आणि तिची किंमत चढत गेली. हा राग सर्वस्वीं वेडगळ नव्हता. नव्या रचनेंत काडतूस बोल्टच्या पुढें मोकळेंच ढकललें जातें, आणि बोल्ट पुरा मिटल्यावरच आंकडा त्यास पकडतो. घाबरलेल्या मनुष्यानें अर्ध्यांतूनच बोल्ट मागें ओढून पुन्हां सारला, तर पहिलें काडतूस नळींत राहून दुसरें त्याच्या पाठीवर आदळतें आणि बंदूक अडते. समोर हरीण असेल तर तें पळून जाईल, एवढेंच. जखमी रानरेडा असेल तर दुसरी संधि मिळत नाहीं. कंपनीनें स्वतःच पुढें १९९० नंतरच्या दशकांत जुना आंकडा परत आणला, यांतच काय तें आलें.

परंतु जुनें म्हणजे निर्दोष असें मानणाऱ्यांनीं अमेरिकन सैन्याच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीची हकीकत अवश्य जाणून घ्यावी. रूझवेल्ट १९०९ मध्यें आफ्रिकेंत शिकारीस गेले, तेव्हां त्यांच्याजवळ याच जातीची एक रायफल होती. १९१७ च्या सुमारास यांपैकीं कांहींचे सांगाडे बार काढतांना फुटले. चौकशीअंतीं कळलें कीं, पोलाद किती तापलें हें कारागीर केवळ त्याचा रंग पाहून ठरवीत. लख्ख उन्हाच्या दिवशीं तप्त पोलाद फिकें दिसे, म्हणून तें अधिक तापविलें जाई. ढगाळ दिवशीं कमी. हा फरक फॅरनहाइटच्या ३०० अंशांपर्यंत जाई! उष्णतामापक यंत्रें आलीं, पोलादास पाणी देण्याची रीत बदलली, आणि सुमारें आठ लक्षाव्या क्रमांकापासून पुढें हा दोष गेला. ज्या ‘अनुभवी डोळ्या’ची आपण थोरवी गातों, तोच येथें घातक ठरला होता.

रेमिंग्टन कंपनीची १९६२ ची ‘मॉडेल ७००’ दोन्ही पक्षांस अडचणीची. नेम वाखाणण्याजोगा, सांगाडा भक्कम. पण तिच्या चापाची रचना १९४० नंतरच्या दशकांतील. त्यांतील एका सुट्या तुकड्यामुळें चाप न ओढतांच बार उडतो, अशा तक्रारी व दावे वर्षानुवर्षें चालले. २००७ मध्यें नवा चाप बसविला, तर २०१४ मध्यें तोहि परत मागवावा लागला.

आजच्या स्वस्त रायफली दिसावयास रुक्ष असतात. प्लॅस्टिकचा दस्ता आम्हांस तरी हातांत धरवत नाहीं. परंतु संगणकानें चालणाऱ्या यंत्रांवर त्यांचे भाग इतके काटेकोर उतरतात कीं, शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंचाभराच्या वर्तुळांत बसणें ही आतां श्रीमंतांचीच मिरास राहिलेली नाहीं. शिवाय कोंकणच्या पावसाळ्यांत लांकडी दस्ता फुगतो, नळीवर दाब आणतो आणि नेम सरकवितो. तो निंद्य प्लॅस्टिक तेथें जागचा हलत नाहीं.

राहतां राहिली घरांतील रायफल. ती जुन्या मौझर धर्तीची असल्यास काडतूस थेट नळींत टाकून बोल्ट बळानें मिटूं नये. आंकडा मोडण्याचा संभव असतो. काडतूस नेहमीं मॅगझिनमधूनच घ्यावें. ईशापूरच्या कारखान्याच्या ‘.३१५’ ला हे सोपस्कार नकोत. तिची घडण ली-एनफील्डची, दिसावयास ओबडधोबड पण कामास सोशिक. मात्र कोणत्याहि जुन्या रायफलीची खरी कुंडली नळीच्या आंत असते. पूर्वींच्या काडतुसांच्या टोपींतील द्रव्यामुळें बार झाल्यावर नळींत एक प्रकारचें मीठ राही. तें तेलानें विरघळत नाहीं, पाण्यानेंच धुवावें लागतें; आणि हें ठाऊक नसलेल्या मालकांनीं निष्ठेनें तेल घालीत नळ्या गंजविल्या. परवानाधारक बंदूकवाल्याकडून बोल्ट काढवून नळी उजेडाकडे धरावी. आंतील आटे स्वच्छ व धारदार दिसले, तर आजोबांची रायफल खुशाल ठेवावी. खड्डे दिसले, तर दस्त्यावरील नक्षी कितीहि सुबक असो, दोहोंतील एक जागा तिच्यासाठीं अडवूं नये.