शेजारच्या चौकोनात डोकावताना

१९९७ साली निन्टेन्डो ६४ या यंत्रासाठी ‘गोल्डनआय ००७’ हा नेमबाजीचा खेळ आला. चौघे खेळायला बसले की टीव्हीच्या पडद्याचे चार चौकोन होत, प्रत्येकाला एक. आणि भांडणही ठरलेलं : “तू माझ्या चौकोनात बघतोयस!”

आरोप बहुधा खरा असे, पण त्याचं खापर खेळाडूवर फोडणं मला पटत नाही. डोळ्याला लख्ख दिसणारा भाग फार लहान असतो. हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढा, फार तर थोडा जास्त. बाकी सारं धूसर. मात्र त्या धूसर भागात काही हललं, की नजर आपसूक तिकडे वळते. शेजारी तीन चौकोन सतत हलत असताना ‘बघू नकोस’ हा नियम पाळायचा कसा?

बघून हाती काय लागणार, हे मात्र खेळाचा रचनाकार ठरवतो. ‘गोल्डनआय’मध्ये जागांना ठळक ओळख होती. शेजारच्या चौकोनात स्वच्छतागृह दिसलं, की प्रतिस्पर्ध्याचा ठावठिकाणा कळलाच. जवळ जाताच फुटणारे सुरुंग तर पेरताना कुणी पाहिले की वायाच गेले. म्हणून मुरलेले खेळाडू मुद्दाम जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे तोंड करून थांबत.

२००३च्या ‘पॅक-मॅन व्हर्सेस’ने वेगळी वाट काढली. पॅक-मॅन झालेल्याला पूर्ण चक्रव्यूह हातातल्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर दिसे. टीव्हीसमोर भुतं झालेल्या बाकीच्या खेळाडूंना फक्त आपल्या आसपासचा भाग.

मला सर्वांत धाडसी वाटतो तो सामुराय पंक या ऑस्ट्रेलियन स्टुडिओचा २०१४चा ‘स्क्रीनचीट’. यात सगळे खेळाडू अदृश्य असतात. स्वतःच्या चौकोनात शत्रू दिसतच नाही. त्याच्या चौकोनात डोकावायचं, त्याच्यासमोर काय आहे ते पाहायचं आणि तो कुठे उभा असेल हे ताडून गोळी झाडायची. ते ताडता यावं म्हणून नकाशाचे भाग भडक, वेगवेगळ्या रंगांत रंगवलेले आहेत. जी ठळक ओळख पूर्वी लबाडीला खतपाणी घालत होती, तिच्यावरच इथे सारा खेळ उभा आहे.

२०११च्या ‘हिडन इन प्लेन साइट’मध्ये चौकोनच नाहीत. एकाच पडद्यावर हुबेहूब सारख्या आकृत्यांची गर्दी, त्यांतल्या काही खेळाडूंच्या, उरलेल्या यंत्राच्या. आपली आकृती कोणती, हे आधी स्वतःलाच शोधावं लागतं. गुपित उरतं ते फक्त हातातल्या कंट्रोलरमध्ये, आणि घाईघाईने बटणं दाबून स्वतःला शोधणारा इतरांच्याही नजरेत भरतो.